रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचंय? मग सुरुवात मायक्रोस्कोपपासून करू नका

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी डायबेटिक रॅटच्या एओर्टाचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे) एसईएमवर, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर, फोटो काढले. आतलं अस्तर ठिकठिकाणी उचकटलेलं, खालचे कोलॅजनचे धागे उघडे पडलेले, आणि मला वाटलं झालं काम, थिसिसमधलं मुख्य चित्र मिळालं. मॅडमनी फोटो शांतपणे बघितले आणि एकच विचारलं, कंट्रोलचे, म्हणजे डायबेटिस नसलेल्या रॅटचे, कुठायत? कंट्रोलचे काढले तर त्यातही तेच उचकटलेलं अस्तर. म्हणजे ते डायबेटिसने झालेलं नव्हतं, माझ्या चिमट्याने झालेलं होतं. सहा महिन्यांचं काम परत करावं लागलं. हा लेख त्या सहा महिन्यांतून शिकलेल्या गोष्टींचा आहे, जे एमएस्सी-पीएचडीवाले किंवा पॅथॉलॉजीचे रेसिडेंट पहिल्यांदाच या कामाला हात घालतायत त्यांच्यासाठी.

आधी हे अस्तर किती नाजूक असतं ते लक्षात घ्या. एंडोथेलियम म्हणजे पेशींचा फक्त एक थर. सरळ एओर्टामध्ये एक पेशी साधारण ३० ते ५० मायक्रॉन लांब, १० ते १५ मायक्रॉन रुंद, रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने ताणलेली, आणि मधला न्यूक्लियसचा उंचवटा सोडला तर कडेला जाडी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. अशा थराला कापूस लागला, चिमटा लागला, हवेचा बुडबुडा वरून गेला, नाहीतर फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवणारं रसायन) पोचायला पाच मिनिटं उशीर झाला की संपलं. फोटो कसा येणार हे डिसेक्शनच्या टेबलावरच ठरतं, मशीन तुम्ही जे नेऊन दिलंय तेच दाखवतं.

एसईएम की टीईएम, हे आधी ठरवा

प्रश्न पृष्ठभागाचा असेल, म्हणजे पेशी प्रवाहाच्या दिशेने लागल्यात का, मध्ये फटी आहेत का, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी चिकटल्यात का, तर एसईएम. प्रश्न पेशीच्या आतला असेल, म्हणजे मायटोकाँड्रिया सुजलेत का, दोन पेशींमधले जोड शाबूत आहेत का, कॅव्हिओली (मेंब्रेनमधले बारीक खळगे) किती, वायबेल-पलाडे बॉडीज (पेशीतल्या गडद कांड्या) किती, तर टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. दोन्ही हवं असेल तर एकाच प्राण्याच्या एओर्टाचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे जाऊ शकतात, ऑस्मियम या रसायनाच्या पायरीपर्यंतची पद्धत सारखीच आहे, म्हणून मी खाली तिथपर्यंत एकत्रच सांगते.

परवानगीचं काम सगळ्यात आधी. प्राण्यांवर करणार असाल तर इन्स्टिट्यूटच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, जिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे) हिच्या नियमांप्रमाणे. प्राणी नको असतील तर बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ हा फार चांगला पर्याय आहे, तिच्यातली व्हेन मोठी असते आणि सहज धुता येते, पण आईची लेखी संमती आणि हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी तिथेही हवीच. आणि क्लॅम्प लावलेल्या जागेपासूनचे दोन्ही बाजूंचे काही सेंटिमीटर सोडून द्या, तिथे अस्तर चिरडलेलं असतं.

मशीन स्वतःच्या कॉलेजात नसलं तरी अडत नाही. आयआयटी मुंबईचं सैफ, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, दिल्लीचं एम्स अशा ठिकाणी सोय आहे. पण स्लॉट मिळाल्यावर सँपल तयार करायला घेऊ नका, आधी सँपल, मग स्लॉट.

आदल्या दिवशीची तयारी

बफर ०.२ मोलर करून ठेवा, पीएच ७.४. फॉस्फेट चालतो, कॅकोडायलेटही चालतो, पण कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक असतं त्यामुळे ग्लोव्हज आणि वेगळा वेस्ट कॅन लागतो. मी स्वतः फॉस्फेट वापरते, फक्त त्यात कॅल्शियम घालायचं नाही, साका बसतो आणि मग सेक्शनवर (नमुन्याच्या पातळ कापावर) काळे ठिपके दिसतात.

फिक्सेटिव्ह मात्र त्याच दिवशी सकाळी. १०० मिलीचं माप असं: १०% पॅराफॉर्मल्डिहाइड २० मिली, २५% ग्लुटराल्डिहाइड १० मिली, ०.२ मोलर बफर ५० मिली, डिस्टिल्ड वॉटर २० मिली. म्हणजे शेवटी २% पॅराफॉर्मल्डिहाइड, २.५% ग्लुटराल्डिहाइड, ०.१ मोलर बफर. पॅराफॉर्मल्डिहाइडची पावडर ६० अंशांच्या पाण्यात ढवळायची आणि ते पांढरट पाणी नितळ होईपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडचा एकेक थेंब टाकायचा, हे सगळं फ्यूम हूडमध्ये. ग्लुटराल्डिहाइड ईएम ग्रेडचंच घ्या, सीलबंद अँप्यूलमधलं, हिस्टॉलॉजीच्या कपाटात वर्षभर उघडी पडलेली बाटली उचलू नका. दोन अल्डिहाइड एकत्र का, तर फॉर्मल्डिहाइड पटकन आत शिरतं पण पक्कं धरत नाही, ग्लुटराल्डिहाइड सावकाश शिरतं पण प्रोटीन घट्ट बांधून टाकतं. ग्लुटराल्डिहाइडचा ईएमसाठी वापर १९६३ मध्ये सबातिनी, बेन्श आणि बार्नेट यांनी दाखवला आणि दोन वर्षांनी कार्नोव्स्कीने ही जोडी जमवली, आज आपण वापरतो ती त्याचीच सौम्य आवृत्ती.

एका २५० ग्रॅमच्या रॅटसाठी २०० ते ३०० मिली फिक्सेटिव्ह धरून चाला, वर थोडं शिल्लक ठेवा कारण तुकडे कापायलाही तेच लागतं.

परफ्यूजन, म्हणजे खरं काम

एओर्टा कापून बाहेर काढला की तो लगेच आकसतो. आतली इलॅस्टिक लॅमिना, म्हणजे अस्तराखालचा लवचिक पडदा, चुण्या पडलेल्या कापडासारखी होते आणि तिच्यावरचं अस्तरही तसंच घडीघडीचं होतं. अशा अवस्थेत फिक्स झालेल्या तुकड्यात पेशींचा आकार, उंचवटे, फटी, काहीच खरं नसतं. म्हणून रक्तवाहिनी जिवंतपणी जशी फुगलेली असते त्याच दाबाखाली, तिच्यातूनच द्रव सोडून फिक्स करायची, यालाच परफ्यूजन म्हणतात.

दाब १०० मिमी पारा धरा. हे पाण्याच्या स्तंभात १३६ सेंटिमीटर होतं, म्हणजे बाटली टेबलावरच्या प्राण्यापासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीइतकी वर टांगायची. पण एक गोम आहे, हा दाब प्रवाह थांबलेला असतानाचा आहे, कॅन्युलातून, म्हणजे रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीतून, द्रव वाहायला लागला की दाब वाटेतच कमी होतो, म्हणून टी-जॉइंट लावून कॅन्युलाच्या अगदी जवळ मॅनोमीटर जोडा आणि आकडा तिथला बघा. आमच्याकडे बीपीच्या जुन्या यंत्राचा डायल लावलेला होता आणि तो उत्तम चालायचा.

क्रम असा. भूल पूर्ण चढलीय याची खात्री करा, हेपरिन द्या, छाती उघडा, डाव्या व्हेंट्रिकलच्या टोकातून कॅन्युला वर एओर्टामध्ये सरकवा आणि बांधा, मग उजव्या एट्रियमला कात्रीने छेद द्या म्हणजे रक्ताला बाहेर पडायला वाट मिळेल. आधी ३७ अंशांचं बफर्ड सलाइन, एट्रियममधून बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण एक ते दोन मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ सलाइन सोडत बसू नका, ऑक्सिजन नसलेल्या त्या पाण्यात पेशी सुजायला लागतात. पण कमीही नको, कारण आत प्लाझ्मा राहिला तर ग्लुटराल्डिहाइड त्यातलं प्रोटीन अस्तरावरच थिजवतं आणि एसईएममध्ये सगळीकडे पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी पसरलेलं दिसतं. मग फिक्सेटिव्ह, १० ते १५ मिनिटं. शेपटी आणि पाय ताठ झाले की समजायचं पोचतंय.

नळीतले बुडबुडे. हे मी वेगळं लिहितेय कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. सलाइनवरून फिक्सेटिव्हवर जाताना थ्री-वे तोटीमध्ये हवेचा छोटासा तुकडा अडकलेला असतो आणि तो एओर्टातून पुढे गेला की जिथून गेला तिथलं अस्तर सोलून जातं. दोन्ही नळ्या आधी पूर्ण भरून, टिचक्या मारून, उजेडासमोर धरून बघा, मगच प्राण्याला हात लावा.

नाळेच्या व्हेनला किंवा ऑपरेशनमधून आलेल्या तुकड्याला असं परफ्यूज करता येत नाही. तिथे एका टोकात बोथट कॅन्युला बांधा, सिरिंजने न दाबता हळूच बफर सोडून रक्त धुवा, मग फिक्सेटिव्ह भरा, दुसरं टोक बांधा, आणि फुगलेल्या अवस्थेतच फिक्सेटिव्हच्या भांड्यात बुडवून ठेवा. वेळ मिनिटांत मोजा. ऑपरेशन थिएटरच्या दारात फिक्सेटिव्ह घेऊन उभं राहणं कंटाळवाणं असतं पण दुसरा उपाय नाही.

तुकडे कापताना

एओर्टा बाहेर काढा, फिक्सेटिव्हने भरलेल्या पेट्रीडिशमध्येच बाहेरची चरबी साफ करा, आणि आतल्या बाजूला काहीही लावू नका, धरायचं ते बाहेरच्या थराला, म्हणजे अ‍ॅडव्हेंटिशियालाच. एसईएमसाठी बारीक कात्रीने लांबीत उघडा, डेंटल वॅक्सवर कडा कीटकांना लावतात तसल्या बारीक पिनांनी ताणून न धरता फक्त सपाट राहतील एवढ्या लावा. एक कोपरा तिरका छाटा, म्हणजे प्रवाहाची दिशा आणि लुमेनची म्हणजे आतल्या पोकळीची बाजू कोणती हे नंतर कळतं. हे छाटणं विसरलात तर सुकलेल्या तुकड्याची वरची-खालची बाजू ओळखता येत नाही आणि स्टबवर (नमुना बसवायच्या धातूच्या चकतीवर) उलटा चिकटवलेला तुकडा तासभर बघत बसावं लागतं.

कुठला भाग घेतला तेही वहीत लिहा. सरळ थोरॅसिक एओर्टात पेशी लांबट असतात पण फांदी फुटते त्या तोंडाशी, जिथे प्रवाह गोंधळलेला असतो, तिथे त्या गोलसर आणि वाटेल तशा लागलेल्या असतात. एका प्राण्याचा सरळ भाग आणि दुसऱ्याचा फांदीजवळचा भाग अशी तुलना केली तर निरोगी प्राण्यातसुद्धा आजार सापडेल.

टीईएमसाठी एक मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा नको कारण ऑस्मियम फार खोल जात नाही. नवीन ब्लेड, एका झटक्यात, करवतीसारखं पुढेमागे नाही. मग सगळे तुकडे त्याच फिक्सेटिव्हमध्ये ४ अंशांवर दोन-चार तास किंवा रात्रभर. फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, एकदा बर्फ झाला की ते सँपल ईएमसाठी गेलं.

ऑस्मियम

बफरमध्ये दहा-दहा मिनिटं तीनदा धुवून १% ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये एक ते दोन तास. तुकडे काळे पडतात, हे बरोबर आहे. ऑस्मियम मेंब्रेनमधली चरबी धरतं, ते नसेल तर टीईएममध्ये मेंब्रेन दिसणारच नाहीत. पण याची वाफ डोळ्यांच्या कॉर्नियाला जाऊन बसते, म्हणून हूडच्या बाहेर झाकण उघडायचं नाही, कधीच नाही, "फक्त दोन सेकंद" म्हणूनही नाही. उरलेलं ऑस्मियम खाद्यतेलात ओतलं की निष्क्रिय होतं, तेलाची एक बाटली हूडमध्येच ठेवून द्या.

इथून पुढे दोन वाटा.

एसईएमची वाट

३०, ५०, ७०, ८०, ९० आणि मग १००% अल्कोहोल तीनदा, प्रत्येकात १०-१५ मिनिटं. तुकडा मध्येच हवेत कोरडा पडू देऊ नका, एका कुपीतून दुसरीत उचलण्यापेक्षा कुपी तीच ठेवून द्रव बदला. नंतर क्रिटिकल पॉइंट ड्रायर. साध्या हवेत वाळवलं तर पाण्याचा पृष्ठताण पेशी चपट्या करतो, म्हणून अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि ३१ अंश आणि साधारण ७४ बारच्या वर न्यायचं, तिथे द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही, ओढणारा पृष्ठभागच नाही. अल्कोहोल पूर्ण निघेपर्यंत परत परत फ्लश करा आणि शेवटी दाब अगदी हळू सोडा. ड्रायर नसेल तर एचएमडीएस या लवकर उडणाऱ्या द्रवात बुडवून हूडमध्ये उडू देतात, सपाट अस्तरासाठी हे बऱ्यापैकी चालतं.

स्टबवर कार्बन टेप, लुमेन वर, कडेला सिल्व्हर पेस्टचा ठिपका म्हणजे चार्ज वाहून जाईल, आणि सोन्याचा किंवा गोल्ड-पॅलेडियमचा सुमारे १० नॅनोमीटरचा थर. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे काम करत असाल तर वाळलेला स्टब सिलिका जेलच्या डेसिकेटरबाहेर ठेवूच नका, एका रात्रीत दमट होतो.

मशीनवर ५ ते १० किलोव्होल्टवर सुरू करा. आधी २०० पटीवर अख्खा तुकडा फिरून बघा. लोक थेट ५००० वर जातात आणि एक सुंदर जागा शोधून तिचाच फोटो काढतात, तो पुरावा होत नाही.

टीईएमची वाट

अल्कोहोलची तीच पायरी, मग प्रॉपिलीन ऑक्साइड दोनदा, मग रेझिन (ओव्हनमध्ये कडक होणारं प्लास्टिक) आणि प्रॉपिलीन ऑक्साइड निम्मं-निम्मं काही तास, मग शुद्ध रेझिन रात्रभर, दुसऱ्या दिवशी ताजं रेझिन घालून सपाट मोल्डमध्ये आणि ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास. आपल्याकडे अराल्डाइट सीवाय २१२ चं किट बहुतेक लॅबमध्ये मिळतं, माप किटवरचंच पाळा आणि मिसळताना बुडबुडे होऊ देऊ नका. ब्लॉक मऊ राहतायत अशी तक्रार मी दर जुलै-ऑगस्टमध्ये ऐकते. कारण बहुतेक वेळा पाणीच असतं, एकतर १००% अल्कोहोलची बाटली हवेतलं पाणी पिऊन ९७ वर आलेली असते किंवा रेझिन उघडं राहिलेलं असतं. अल्कोहोलमध्ये मॉलेक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे खडे) टाकून ठेवा आणि फ्रीजमधून काढलेली रेझिनची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

मोल्डमध्ये तुकडा कसा ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. रिंगचा आडवा छेद मिळेल असा ठेवा, लुमेनची कड ब्लॉकच्या तोंडाला काटकोनात. तिरका छेद गेला तर अर्ध्या मायक्रॉनचं अस्तर दीड मायक्रॉन जाड दिसतं आणि कुणीतरी "एंडोथेलियल थिकनिंग" लिहून मोकळं होतं.

आधी अर्धा ते एक मायक्रॉनचे जाड सेक्शन, काचपट्टीवर, टोल्युडिन ब्लू, हॉट प्लेट. साध्या मायक्रोस्कोपखाली लुमेनची कड, न्यूक्लियसचे उंचवटे आणि इलॅस्टिक लॅमिना सरळ आहे का हे बघा. लॅमिना नागमोडी दिसली तर परफ्यूजनचा दाब बसलेला नाही, तो ब्लॉक तिथेच बाजूला ठेवा. बरोबर असेल तर तोंड छोटं ट्रिम करून ६० ते ७० नॅनोमीटरचे सेक्शन. पाण्यावर तरंगताना चंदेरी दिसले की जाडी बरोबर, सोनेरी गडद म्हणजे जाड.

सेक्शन ग्रिडवर (बारीक धातूच्या जाळीवर) उचलून रंगवा: २% युरेनाइल अ‍ॅसिटेट अंधारात १०-१५ मिनिटं, धुवा, मग लेड सायट्रेट पाच मिनिटं. ग्रिडवर फॉस्फेट उरलेलं नको, युरेनाइलबरोबर साका देतं. लेडच्या पेट्रीडिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवा आणि त्यावर वाकून श्वास सोडू नका, तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लेडशी मिळून खडी तयार करतो, ती फोटोत काळी दिसते. युरेनाइल विषारी आहे आणि किंचित किरणोत्सारीही, त्याचा कचरा वेगळा. इलॅस्टिक लॅमिना रंगवण्याच्या या पद्धतीत फिकी, रिकामी दिसते, ती नीट दिसायला हवी असेल तर टॅनिक अ‍ॅसिड वापरावं लागतं.

काय शोधायचं

८० किलोव्होल्ट, आधी कमी मॅग्निफिकेशन. मेंब्रेनला लागून ६० ते ८० नॅनोमीटरचे सुरईसारखे खळगे दिसतात ते कॅव्हिओली. आत ०.१ ते ०.२ मायक्रॉन जाडीच्या गडद कांड्या दिसल्या, आणि त्यांच्या आत बारीक समांतर नळ्या, तर त्या वायबेल-पलाडे बॉडीज, १९६४ मध्ये इवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांनी दाखवलेल्या. यात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रोटीन) साठवलेला असतो, त्यामुळे कांडी दिसली की ही एंडोथेलियमची पेशी याची जवळजवळ सहीच समजा. छेद आडवा गेला तर हीच कांडी गोल दिसते, तिला लायसोसोम समजू नका, आतल्या नळ्यांचे ठिपके शोधा. मग दोन पेशींचा जोड, तिथे मेंब्रेन एकमेकांना कुठे चिकटल्यात ते जास्त मॅग्निफिकेशनवर.

या जोडांची ताकद बघायची असेल तर १९६७ चं रीस आणि कार्नोव्स्कीचं काम आठवा. त्यांनी उंदराच्या रक्तात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज (टीईएममध्ये काळं दिसेल असं करता येणारं एन्झाइम) सोडलं आणि मेंदूच्या केशवाहिन्यांमध्ये ते पेशींमधल्या जोडाशी येऊन थांबलेलं टीईएमवर दिसलं. ब्लड-ब्रेन बॅरियर नेमका कुठे आहे याचं उत्तर त्या काळ्या रेषेत होतं. यकृतात याच्या उलट, तिथल्या सायनुसॉइडच्या (बारीक रक्तवाहिन्यांच्या) अस्तराला १०० ते १५० नॅनोमीटरची उघडी भोकं असतात, चाळणीसारखी, आणि तिथे एओर्टाचा दाब दिला तर चाळणी फाटते, पोर्टल व्हेनमधून अगदी कमी दाबाने परफ्यूज करावं लागतं.

ग्लायकोकॅलिक्स, म्हणजे अस्तरावरचा साखरेचा मऊ थर, नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ सगळा वाहून जातो. लुफ्टने १९६६ मध्ये रुथेनियम रेड वापरून सुमारे २० नॅनोमीटरचा थर दाखवला, नंतर २००३ मध्ये अल्सियन ब्लू फिक्सेटिव्हमध्येच घालून तोच थर २०० ते ५०० नॅनोमीटर दिसला. तेव्हा साध्या फोटोत ग्लायकोकॅलिक्स दिसला नाही म्हणून "नष्ट झाला" असं लिहू नका, रंगच घातलेला नव्हता.

खरं नुकसान की आपलं केलेलं?

हा भाग मला कुणीतरी पहिल्या वर्षी सांगायला हवा होता. अस्तर गेलेल्या जागी प्लेटलेट चिकटलेल्या, पसरलेल्या दिसल्या तर नुकसान रक्त वाहत असताना झालेलं आहे, कारण कोलॅजन उघडं पडलं की काही मिनिटांत प्लेटलेट तिथे येतात. जागा एकदम स्वच्छ उघडी, एकही प्लेटलेट नाही, कडा सरळ फाटलेल्या, तर बहुतेक चिमटा नाहीतर बुडबुडा. पेशींच्या सीमेवर सरळ धारदार भेगा आणि त्यात ताणलेले धागे असतील तर वाळवताना आकसलंय. गोल फुगे आणि एकजात सगळे मायटोकाँड्रिया सुजलेले असतील तर फिक्सेटिव्ह उशिरा पोचलं किंवा बफरची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या क्षारांची तीव्रता) चुकली. आणि शेवटची कसोटी तीच, कंट्रोलमध्येही तेच दिसतंय का. त्यामुळे कंट्रोल आणि टेस्ट प्राणी एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या फिक्सेटिव्हने करा, आज सगळे कंट्रोल आणि पुढच्या आठवड्यात सगळे डायबेटिक असं नको.

मोजणी करताना प्रत्येक गटात अनेक प्राणी, प्रत्येकाचे दोन-तीन ब्लॉक, आणि फील्ड आधी ठरवलेल्या पद्धतीने, म्हणजे ग्रिडच्या दर तिसऱ्या चौकोनाचा कोपरा वगैरे. एका प्राण्याच्या पन्नास पेशी म्हणजे पन्नास नमुने नव्हेत, तो एकच प्राणी. मोजणाऱ्याला कुठला फोटो कुठल्या गटाचा हे माहीत नको, फाइलला नुसते नंबर द्या आणि यादी मैत्रिणीकडे ठेवा.

रेझिनचे ब्लॉक फेकू नका. लेबल पेन्सिलने कागदावर लिहून रेझिनमध्येच घाला, पेनची शाई विरघळते. प्राण्याचा नंबर, एओर्टाचा भाग, तारीख. माझे त्या दुसऱ्या फेरीचे ब्लॉक अजून डब्यात आहेत, आणि रिव्ह्यूअरने जोडांचे जास्त मॅग्निफिकेशनचे फोटो मागितले तेव्हा नवीन प्राणी न घेता त्याच डब्यातून सेक्शन कापले होते.